गैरहजरांची प्रार्थना

सकाळची प्रार्थना संपत आली की ओसरीवर पाटी ठेवल्याचा आवाज व्हायचा. टक्. शकुंतलाबाईंचे डोळे मिटलेले असत, तरी अंगावर काटा यायचा. डोळे उघडावेत तर दारात कुणी नसे. बांबूच्या तट्ट्यांवर बसलेल्या पोरी मात्र न सांगता सरकून बसत आणि दाराजवळ एका पोरीपुरती जागा सुटे. नेहमी उशिरा येणारी तुलसा तिथं बसायची. तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

सडक अर्जुनीपासून दोन कोसांवरची ही मिशनची शाळा. स्वातंत्र्यानंतर गोरे पाद्रीसाहेब मायदेशी गेले, ते शाळा बाईंच्या हाती देऊन. सोबत एक रीतही देऊन गेले. प्रार्थनेत गैरहजर लेकरांची नावं घ्यायची, प्रत्येक नावामागं साऱ्या शाळेनं ‘प्रभू, सांभाळ’ म्हणायचं, आणि मधल्या सुट्टीत दोन मोठ्या पोरींनी त्या घरी जाऊन यायचं. ताप असेल तर कपाळावर ओली घडी ठेवायची, जास्त वाटलं तर एकीनं बाईंकडं पळत यायचं. ‘तोंडानं केलेली प्रार्थना पायांनी पुरी करा,’ असं साहेब म्हणत. गावात ख्रिस्ती घरं चारच, बाकी सारी पवार-कुणब्यांची लेकरं. पण ही रीत गावानं आपली मानली होती. आजारी लेकराला घरी ठेवून आया भाताच्या रोवणीला जात, कारण मधल्या सुट्टीत पोरी येणार हा भरवसा होता.

यंदाच्या रोवणीत तुलसाचा बाप पुरनलाल शाळेत आला. कुणीतरी त्याच्या कानात भरवलं होतं, की तिथं नाव घेतलं की पोर बाटते.

“माह्या पोरीचं नाव तुमच्या देवापाशी घेऊ नका, बाई. शिकवा, पन नाव नको.”

बाईंना ते झोंबलं. वीस वर्षं या गावाची लेकरं सांभाळली ती हे ऐकायला?

“नाही घेत,” त्या फटकन म्हणाल्या. “आमची प्रार्थना नको, तर आमच्या पोरीही नकोत.”

पोरींचं त्यानं काही म्हटलंच नव्हतं. पण राग आला की माणूस मागितल्यापेक्षा जास्त देऊन बसतो.

त्यानंतर पाचव्या दिवशी तुलसा आली नाही. मोठ्या पोरींतली रुख्मा म्हणालीसुद्धा, “बाई, तुलसाचं नाव राह्यलं.”

“मला माहीत आहे. डोळे मिट.”

त्या दिवशी तिच्याकडं कुणी गेलं नाही. संध्याकाळी माणसं धानाच्या बांधीतून परतली तेव्हा तुलसा गार पडली होती.

तापानं गेली, एवढंच गाव म्हणालं. बाईंनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकही लेकरू शाळेत आलं नसतं, असं त्यांनी मनाला बजावलं. खरं तर मान खाली घालायची भीती होती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. मग पाटीचा आवाज सुरू झाला. बाईंनी दार लावून घेतलं, तट्ट्या हलवल्या, आवाज आलाच. एकट्या गुडघे टेकून बसल्या तर ‘हे प्रभू’च्या पुढं शब्द सुचेना.

बाविसाव्या दिवशी टक् झालं आणि बाईंनी डोळे उघडले. दारात तुलसाची माय चमेली उभी होती. तिनं ओसरीवर पाटी ठेवली होती.

“शाळेची हाये, द्याले आली.” ती तिथंच घुटमळली. “एक इचारू, बाई? त्या दिवशी मी रोवणीले निंगाली तवा घंटी झाली. तुलसा म्हने, तू जाय माय, आता माह्यं नाव घेतीन, मंग पोरी येतीन. मी उशाशी पानी ठेवून गेली. पोरी काऊन नाही आल्या?”

पुरनलालचं नाव बाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं बायकोला काही सांगितलेलं नव्हतं, हे उघड होतं. एक वाक्य बोललं की बाई मोकळ्या, आणि त्या घरातली नवराबायको जन्माची तुटलेली.

“मी तिचं नाव घेतलं नाही, चमेलीबाई,” त्या सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या. “रागात होते. पोरींना मीच जाऊ दिलं नाही.”

“लेकरावर राग?”

“लेकरावर नाही. माझाच मोठेपणा मला आवरला नाही.”

चमेली रडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तिनं दाराजवळच्या त्या रिकाम्या जागेकडं पाहिलं.

“वाट पाहून रायली असन तुलसा,” ती म्हणाली. “आता तरी घ्या नाव.”

बाईंनी डोळे मिटले. “तुलसा पुरनलाल.”

“प्रभू, सांभाळ,” सारी शाळा म्हणाली.

चमेली पदर सावरून घरी गेली. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, ते चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी रुख्मा आणि आणखी एक पोरगी उठल्या. रुख्मानं मडक्यातल्या पाण्यात फडकं भिजवून पिळलं.

“कुठं निघालात?” बाईंनी विचारलं.

“तुलसाच्या घरी,” रुख्मा म्हणाली. “तुमी नाव घेतलं ना, बाई.”