कमरेला खोचलेला जुडगा

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक लांबलचक पलंग आणि त्यावर झुकलेला यांत्रिक हात दिसतो ना, तोच मी. हाडांची घनता मोजणारं जुनं यंत्र. मी आलो तेव्हा फीत कापली गेली, भाषणं झाली. आता माझ्या पायथ्याशी जादा उशा रचून ठेवतात. तक्रार नाही, उशा भाषणं करत नाहीत.

माझं काम साधं. माणसानं आडवं व्हायचं, हलायचं नाही. हाडं ठिसूळ होतात तेव्हा कुरकुर करत नाहीत, एक दिवस थेट मोडतात. म्हणून आधीच मोजायचं.

एकदा एक सून सासूबाईंना घेऊन आली. सासूबाई स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायच्या आणि खाली सुनेचा जीव टांगणीला लागायचा.

"रिपोर्ट चांगला आला, तर स्टुलाचा विषय बंद!" सासूबाईंनी बजावलं.

"अंगावरचं धातूचं सगळं काढा, आजी," तंत्रज्ञ ताई म्हणाली.

कानातले निघाले, चष्मा निघाला. चाव्यांचा जुडगा मात्र कमरेला आत खोचलेलाच राहिला. त्या घरात तो कमरेवरून हलणं म्हणजे सत्तापालट.

मी मोजलं. आकडा असा, की पैलवानानं लाजावं.

"बघ! आता माळ्यावरच राहायला जाते," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

ताई पडद्याकडे बघत होती. "आजी, तुमच्या मणक्याला दात फुटलेत."

जुडगा बाहेर आला. नाइलाजानं सुनेच्या हातात गेला. "किती आहेत ते पाठ आहे मला," अशी ताकीदही गेली.

मघाशी चाव्यांचं लोखंडही मी हाडांतच धरलं होतं. मी पुन्हा मोजलं. आकडा धाडकन खाली आला. हाडं पार पोकळ झाली होती.

उतरताना सासूबाईंनी सुनेचा खांदा घट्ट धरला. मग हळूच म्हणाल्या, "ठेव चाव्या तुझ्याकडेच. आता मी कसली मालकीण."

सुनेनं जुडगा त्यांच्या कमरेला परत खोचला. "चाव्या तुमच्याच, आई. स्टूल तेवढं मला द्या."

"आणि डबे?"

"तुम्ही खालून हुकूम सोडा. मी चढते."

"तू? धसमुसळी! एक डबा धड राहायचा नाही."

सून हसली. सासूबाईंचा नेहमीचा आवाज परत आला होता.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण घरात कुणी असं स्टुलावर चढत असेल, तर एकदा माझ्याकडे घेऊन या. चाव्या आधी काढून घ्या. आणि परत द्यायला विसरू नका.