खोबरेल लावलेली रायफल

नाखवा ईसा यांच्या बैठकीत भिंतीवर दहा रायफली टांगलेल्या होत्या. सगळ्या इंग्रज पलटणींनी मोडीत काढलेल्या, बसऱ्याहून आलेल्या. कुवेतच्या बाजारात त्या ताडपत्रीवर फावड्यांसारख्या पसरलेल्या असत. चाळीस-पन्नास रुपयांत एक मिळे. तेव्हा तिथे आपलाच रुपया चालायचा. नाखवा शिकारीला जात नसत, नुसत्या जमवत. दस्त्यावरच्या चिरा बोटांनी चाचपत ते म्हणत, हा शिपाई डावखुरा असावा, हा घाबरून लाकूड चावायचा. 

सत्तावन्न साली मी त्यांच्या कुवेतमधल्या फहाहील गावच्या दुकानात कामाला लागलो. ऑक्टोबरात त्यांनी अकरावी रायफल आणली आणि साफ करायला माझ्या हाती दिली. अक्रोडाचं लाकूड, गार पोलाद, आणि नळीत डोकावलं तर आत पीळ पडलेला उजेड. इतकी देखणी वस्तू मी कधी हाताळली नव्हती. सोबत दिलेल्या डब्यातलं रॉकेलच्या वासाचं तेल तिला लावायला मन होईना. दाभोळहून निघताना आईने दिलेलं खोबरेल माझ्याकडे होतं. गावी कोयत्याला, कुलपाला आम्ही तेच लावतो. मी ते बोल्टमध्ये, काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यात, सढळ हाताने ओतलं.

जानेवारीत वाळवंटातल्या थंडीत एका सकाळी डोक्याला लावायला बाटली उलटी केली, तर थेंब पडेना. आत सगळं चुन्यासारखं पांढरं झालेलं. आमच्या किनाऱ्यावर खोबरेल असं दगड झालेलं मी पाहिलंच नव्हतं. रायफल आठवली.

धावत गेलो, तर बैठक भरलेली. रायफल नाखव्यांच्या मांडीवर होती आणि बोल्ट हलत नव्हता. त्यांचा जुना खलाशी मजीद हसत म्हणाला, "चाळीस रुपयांत गाढव बांधायला खुंटा बरा मिळाला."

सगळे हसले. नाखवा हसले नाहीत. मी पुढे होऊन चूक सांगितली. माझा पासपोर्ट त्यांच्याकडे होता. त्यांनी मनात आणलं असतं तर पुढच्या बोटीने मी परत गेलो असतो.

 त्यांनी रायफल उचलली आणि कॉफीच्या शेगडीच्या धगीवर लांबून धरली. थोड्या वेळाने पोलादावरून एक थेंब ओघळला. वास सुटला आणि त्यांचा हात थांबला. कुवेतमध्ये खनिज तेल निघण्याआधी उभी हयात त्यांनी मलबारचं लाकूड गलबतातून, वाटेत कोकणची बंदरं घेत, आणलं होतं.

"तुझं गाव कुठलं, उस्मान?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"दाभोळ."

"त्या खाडीत शिरलो की आधी हाच वास यायचा."

मजीदने वाकून वास घेतला.  नाखव्यांनी बोल्ट ओढला. लोण्यातून सुरी निघावी तसा तो सरकला. विलायतेत घडलेली, कुणाकुणाच्या खांद्यावरून वाळवंटात आलेली ती रायफल, आणि तिला माझ्या आईच्या केसांचा वास येत होता.

"बाकीच्या दहांना डब्यातलं तेल," नाखवा म्हणाले. "हिला हेच. थंडीत आपण तिला शेगडीशी आणू."