मताईचा पाय

पेसेताच्या डाव्या पायाची करंगळी साखरेच्या आजाराने गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "जेवण बदललं नाही तर पुढच्या खेपेला घोट्यापासून कापावा लागेल." पेसेता म्हणाला, "देवाची इच्छा," आणि घरी येताना वाटेत टर्कीच्या चरबीदार शेपट्या चापल्या. त्याच्या बायकोने, एलेनोआने, तिथेच ठरवलं: देवाची इच्छा काय असायची ती असो, पाय घरातच राहील.

नवऱ्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो घराण्याचा मताई, म्हणजे प्रमुख. गावच्या बैठकीत खांबाला टेकून बसण्याचा मान त्याचा. त्याला पथ्य सांगणं म्हणजे डोंगराला सरक म्हणणं. मग तिने गुपचूप सुरुवात केली. नारळाच्या दुधात आधी थोडं पाणी, मग पाण्यातच थोडं दूध. रश्श्यात एक शेपटी कमी, एक मासा जास्त. भाताखाली उकडलेली कच्ची केळी दडवली. हळूहळू केळी वर आली आणि भात दिसेनासा झाला. पेसेता ताटाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि मुकाट्याने जेवायचा.

साखर उतरली, पण पोटही उतरलं, आणि तिथेच घात झाला. मताई वाळला की अब्रू अख्ख्या गावाची जाते. पहिली आली थोरली नणंद तौपीसी, पिसुपोचं, म्हणजे डबाबंद गोमांसाचं, खोकं घेऊन.

"अगं, माझ्या भावाच्या लुंगीला गाठ राहीना झालीय! उपाशी मारतेस का त्याला?"

"वन्सं, तब्येतीसाठीच तर..."

"तब्येतीसाठी? होती ती तब्येत कुठे गेली, तेच विचारतेय मी!"

मग दारात रीघच लागली. जो तो खोकं आणून टाकी आणि उसासा सोडून जाई. परत द्यावं तर अपमान, खावं तर पाय जाणार. खोकी छपराला टेकली. शेवटी बैठकीने एलेनोआला बोलावलं.

बैठकीचं घर म्हणजे नुसते खांब आणि छप्पर. बाहेर बसलेल्या बायकांना सगळं दिसायचं, ऐकूही यायचं. बैठकीचा वक्ता काठी टेकून गरजला, "हिने मताई उपाशी ठेवला! दंड, पन्नास खोकी पिसुपो!"

एलेनोआने गावाचीच खोकी आणून गावापुढे रचली. रीतीप्रमाणे दंडाची तिथल्या तिथे वाटणी झाली आणि पेसेताचा मान मोठा म्हणून त्याच्याच पुढ्यात सर्वांत उंच ढीग लागला.

"फोड एक डबा," वक्ता म्हणाला. "गावासमोर खा."

पेसेता डब्याकडे बघून राहिला. तोंडाला पाणी सुटलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मग त्याने त्या घरात कधी कुणी केलं नव्हतं ते केलं. मांडी मोडली आणि डावा पाय भर बैठकीत लांब पसरला. यापेक्षा शिवी दिलेली परवडली असती.

"करंगळी गेली," तो म्हणाला. "उरलेली बोटं ही बाई राखतेय. कच्चं केळं मला भात वाटेल, इतका मी खुळा नाही. भूक मरणाची लागते. पण पाय आहे."

मग सर्वांत वृद्ध मताईने खाकरून मांडीवर ओढलेल्या चटईखालून आपला पाय काढला. तो अर्धाच होता. शेजारच्या खांबापाशी दुसरा निघाला, त्याच्या पलीकडे तिसरा.

"सगळ्यांना दंड!" वक्ता ओरडला.

"आणि तुझा पाय कुठाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

वक्त्याने नाइलाजाने लुंगी वर केली. त्याचा लाकडाचा होता. इतकी वर्षं तो बैठकीत उभाच का राहतो, ते गावाला त्या दिवशी कळलं. आधी एक जण फुसकन हसला, मग अख्खी बैठक पाय पसरून खो खो हसू लागली.

बाहेर तौपीसी हसली नाही. एलेनोआ बाहेर येताच तिने विचारलं,

"मला का नाही सांगितलंस?"

"भावाचं दुखणं बहिणीसमोर काढायचं नसतं, वन्सं."

तौपीसीने इकडे तिकडे पाहिलं आणि आपल्याही लुंगीचा काठ जरासा उचलला. घोट्याला फडकं बांधलं होतं, आणि ते ओलं होतं.

"भरतच नाही गं," ती म्हणाली. नणंद घाबरलेली एलेनोआने प्रथमच पाहिली, आणि तिच्यावरचा सगळा राग गेला.

"उद्यापासून जेवायला तुझ्याकडे येते," तौपीसी म्हणाली. "पण काय वाढलंस ते मला सांगू नकोस."