रडका बाक म्हणतात तो मी

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, आणि मला कुणाचीही माफी मागायची नाही. जुनी वस्तू बोलू लागली की ती गळा काढणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी नाही काढणार. पाळणाघरातल्या लोकांनी मला ‘रडका बाक’ असं नाव ठेवलं. रडलो मी एकदाही नाही. माझ्यावर बसून मुलं रडली, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. आता ऐका.

मला ज्या सुतारानं घडवलं तो स्वतः लेकुरवाळा होता. पाळणाघराच्या दारातल्या पॅसेजमध्ये मुलांनी बसून बूट घालावेत, एवढंच माझं काम होतं. रंधा मारताना तो बायकोला म्हणाला, "दोन पोरं मावतील एवढा करतो. एकाला नाडी बांधता आली नाही तर दुसरं बांधेल." त्यानं माझे कोपरे घासून गोल केले, कारण पोरं पडणार आणि डोकं आपटून घेणार हे तो घरी रोज बघत होता. सुरुवातीला माझा काय रुबाब होता! आल्यागेलेल्या आया मला कौतुकानं हात लावून बघत. मग चिकटपट्टीचे बूट आले. ते मुलं उभ्याउभ्या घालू लागली आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

तेव्हा मोठ्या बाईंनी मला दुसरं काम दिलं. पाळणाघर त्यांचंच. त्या वाईट नव्हत्या, बरं का. पहिली बस सुटायच्या आधी त्या दार उघडायच्या. कुणाचं नाक पुस, कुणाची चड्डी बदल, असं करता करता त्यांच्या नाकीनऊ यायचे. पण रडणं त्यांना सोसवत नसे. म्हणून त्यांनी नियम काढला. जो रडेल त्यानं बाकावर एकट्यानं बसायचं आणि गप्प झालं की उठायचं. गप्प झालेल्याला त्या म्हणायच्या, "बघा, कसा शहाणा झाला!"

शहाणा कसला, डोंबलाचा! मी लाकूड असलो तरी माझ्यावर कोण कसं बसलंय ते मला कळतं. तोंड गप्प झालं तरी पाय थरथरतच असत. तान्ह्या बाळाचं भूक, झोप, भीती या सगळ्यासाठी एकच भोकाड असतं. दोन वर्षांचं मूल रागावलं की टाचेपासून शेंडीपर्यंत रागावतं. शब्द मागाहून येतात, आणि तेही कुणी दिले तर. हा राग, ही भीती, हा रुसवा, असं कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. नुसतं "गप्प बस" म्हटलं तर मूल गप्प बसायला तेवढं शिकतं. पण बाकाचं ऐकतो कोण?

अशातच आमच्याकडे पोंपों आला. हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याची आई बस चालवायची, आणि हा साडेतीन वर्षांचा पठ्ठ्या पॅसेजभर "पों पों" करत सुसाट सुटायचा, म्हणून सगळे त्याला पोंपों म्हणायचे.

एके दिवशी त्याच्या आईची बस वाटेत बंद पडली. बाकीची मुलं घरी गेली. पोंपों बूट घालून माझ्यावर बसून राहिला. रडला नाही. दाराबाहेर पाऊल वाजलं की तो ताठ व्हायचा आणि पाऊल पुढे गेलं की पुन्हा सैल पडायचा. शेवटी आई धापा टाकत आली आणि मदतीला असलेल्या धाकट्या ताईला म्हणाली, "अगं, बस जागची हलेना. हा एकटा असेल या विचारानं माझ्या पोटात नुसता गोळा आला!"

पोंपोंनं आईच्या पोटाकडे टक लावून पाहिलं. मग हळूच हात लावून बघितला. मोठ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली आणि पोंपों खेळायच्या रंगीत मातीजवळ उभा राहून म्हणाला, "माझ्या पोटात गोळा आलाय."

धाकट्या ताईचं धाबं दणाणलं. "गिळलास? कुठल्या रंगाचा?"

पोंपोंनं मनापासून विचार केला. "काळा."

आणि डब्यातला काळ्या मातीचा गोळा खरोखरच गायब! मग काय, एकच धावपळ उडाली. आईला फोन गेला, तिनं बदली ड्रायव्हर मागवला, साहेबांची बोलणी खाल्ली. डॉक्टरांनी पोरगं उलटसुलट तपासून सांगितलं, पोट एकदम साफ आहे. संध्याकाळी काळा गोळा सापडला. तो धाकट्या ताईच्या चपलेच्या तळव्याला चपटा होऊन चिकटला होता.

त्या दिवसापासून पोंपों खोटारडा ठरला. तो बिचारा रोज सकाळी तेच सांगायचा, कुणी ऐकेना म्हणून रडायचा आणि रोज माझ्यावर येऊन बसायचा. त्यात इतर पोरांनाही चेव आला. एकानं पोटात लाल गोळा असल्याचं जाहीर केलं, दुसऱ्यानं दोन असल्याचं. मोठ्या बाईंचा संयम सुटला. त्यांनी त्याच्या आईला सुनावलं, "खोटं बोलायची सवय लागलीये त्याला. त्याचं पाहून बाकीची बिघडतायत. शनिवारनंतर तुम्ही दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे कुठे बघू, बाई? पहिल्या बसच्या आधी तुमच्याशिवाय दार उघडतं कोण?" आईचा आवाज चिरकला. ती पोंपोंसमोर गुडघ्यांवर बसली. "राजा, खोटं नको ना रे बोलूस. माझी नोकरी जाईल."

मित्रांनो, त्यानंतर त्यानं बोलणंच सोडलं. "पों पों" तर कधीच बंद झालं होतं. शनिवारी तो माझ्यावर मुकाट बसून होता, आणि बाई धाकट्या ताईला म्हणाल्या, "बघ, झालाच की नाही शहाणा?" त्याच वेळी त्याच्या टाचा माझ्या पायावर टकटक आपटत होत्या. मला इतका संताप आला की खिळे उपटून बाहेर फेकावेसे वाटले.

आमच्याकडे एक साडेचार वर्षांची मुलगी होती. ती दिवसभर प्रश्न विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं चौकशीबाई. ती तरातरा आली आणि नियम धाब्यावर बसवून पोंपोंच्या शेजारी टेकली.

"कुठंय रे तुझा गोळा?"

त्यानं बेंबीच्या वर बोट ठेवलं.

"दुखतो?"

"नाही. फिरतो."

"कधी येतो?"

"आई गेली की."

"आणि जातो कधी?"

"आई आली की."

चौकशीबाईनं जरा वेळ पाय हलवले. "अरे, मग ती भीती आहे. माझी गळ्यात येते. आई बाळ आणायला दवाखान्यात गेली होती ना, तेव्हा आली होती."

"बाकावर एकट्यानं बसायचं!" मोठ्या बाई तिकडून कडाडल्या. "ऊठ आधी!"

"नाही उठणार," चौकशीबाई म्हणाली. "तो खोटं नाही बोलत. त्याला भीती वाटते. तुमची कुठे येते?"

पोंपोंला न्यायला आलेली त्याची आई दारात थबकली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! हे तर मीच बोलले होते. बस बंद पडली त्या दिवशी, इथेच, याच्यासमोर! पोटात गोळा आला म्हणून!" मग ती मोठ्या बाईंकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "बाई, ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण खोटारडा म्हणून माझ्या मुलाला इथून नेणार नाही. त्यानं खरं तेच सांगितलं. मला कळलं नाही, तुम्हाला कळलं नाही."

बाईंनी पदराच्या टोकाशी चाळा केला. मग त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर आणा."

सोमवारपर्यंत मी रविवारच्या सुट्टीत रंगून तयार होतो. बाईंना चुटपुट लागली असणार, म्हणून त्यांनी मला पिवळाधमक रंग दिला आणि मधोमध हे भलंमोठं हसरं तोंड काढून घेतलं. ‘हसरा बाक’! मित्रांनो, रडका म्हणाले तेव्हा मला जेवढा राग आला नव्हता, तेवढा आता आला.

आई निघून गेली. पोंपोंचा खालचा ओठ थरथरला आणि तो येऊन माझ्यावर बसला.

"बघ, बाक कसा हसतोय!" धाकटी ताई लाडानं म्हणाली. "हस बघू तूपण."

"मला नाही हसायचं," पोंपों ठणकावून म्हणाला. "माझ्या पोटात गोळा आलाय. भीतीचा आहे."

मोठ्या बाई आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग गुडघ्यांवर हात देत कशाबशा माझ्यावरच बसल्या. "आलाय ना? येऊ दे. दुपारी झोपून उठलास आणि दूध प्यालास की आई येईल. तोवर त्याला घेऊनच आपण बसू." मग हळूच म्हणाल्या, "माझी छातीत येते रे. कुणाला सांगू नकोस."

माझी फळी करकरली. मोठ्या माणसाचं वजन माझ्या हिशेबात नव्हतंच कधी. करकरू दे! मी मोडलो तर मला पुन्हा ठोका, नाहीतर खुशाल चुलीत घाला. पण माझ्यावरचं हे हसरं तोंड तेवढं खरवडून टाका. आणि मित्रांनो, तुम्हाला रडू येत असताना कुणी तुमच्या तोंडावर हसू रंगवायला आलं, तर त्याचा ब्रश बाजूला सारा आणि म्हणा, आधी इथे बस.