तंगडी-बांबूची जबानी

"बरोबर बाराला मी विचारीन, तू उत्तर द्यायचं," असं म्हणत खिएमने कोयता पुसला आणि बायकोला बांबूच्या कुंडीमागे, उलट्या बादलीवर बसवलं. "आवाज जरा बारीक काढ. झाड आहेस तू."

तुएतने मान हलवली. लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं ती मानच हलवत आली होती.

पाचव्या महिन्याची पंचमी होती. सकाळी आंबवलेल्या भाताचे गोळे खायचे आणि दुपारी बाराला आळशी झाडांची जबानी घ्यायची, ही सादेक गावची जुनी रीत. एकाने कोयता घेऊन दरडावायचं, यंदा फळ धरणार की नाही? दुसऱ्याने झाडाच्या वतीने गयावया करायची, तोडू नका मालक, धरतो. मग बुंध्याला दोन हलके टोले मारून झाडाला सोडून द्यायचं. आंब्याफणसाचं ठीक होतं, पण बांबूची जबानी घेणारा खिएम गावातला पहिलाच. ही बातमी शेजारच्या थोआने चार घरी पोचवली होती, आणि ती स्वतः शेंगांची टोपली घेऊन कुंपणाशी हजर होती.

बांबूही साधासुधा नव्हता. शोभेसाठी म्हणून चीनमधून आलेला, आणि पेरं अशी फुगीर की सगळे त्याला कोंबडीची तंगडीच म्हणत. याचा नखरा असा की जमिनीत लावून पोटभर पाणी दिलं, तर हा सरळसोट घराच्या वर जातो आणि चारचौघांसारखा दिसतो. लहान कुंडीत कोंबला, उपाशी ठेवला, कोंबावरची सालपटं वेळेआधी सोलली, की पेरं आखूड होतात आणि ढेरी सुटते. उपाशी राहून ढेरी सुटणारा दुसरा जीव तुएतने तरी पाहिला नव्हता. नेमकं किती छळायचं ही खिएमची जन्मभराची विद्या होती. तीन दिवसांतून चहाचा एक पेला पाणी, वर थेंब नाही. नववर्षाच्या फुलबाजारात त्याच्या कुंड्यांना मान होता.

यंदा मात्र सगळ्यात देखण्या कुंडीत तीन नवे कोंब आले ते काठीसारखे सरळ. एकदा वाढून गेलेलं पेर पुन्हा फुगत नाही, त्यामुळे खिएमची झोप उडाली. त्याने माती बदलली, कुंडीचं तोंड फिरवलं, देवळात जाऊन विचारून पाहिलं. रोज संध्याकाळी तांदळाचं धुवण त्या कुंडीत कोण ओततं, हे त्याने कुणाला विचारलं नाही, म्हणून तुएतनेही सांगितलं नाही. तिला त्या झाडाकडे बघवत नव्हतं, एवढंच.

सकाळी खाताना तिने विषय काढला होता. बाक्लिएउहून थोरल्या बहिणीचा निरोप आला होता, डोळे चाललेत, दिसतंय तोवर एकदा येऊन जा. दोघींची अकरा वर्षांत भेट नव्हती. खिएम तसा वाईट माणूस नव्हे. झाडांच्या मागे एकट्याने किती पळायचं, बघू पुढच्या वर्षी, असं म्हणून त्याने आणखी एक गोळा तोंडात टाकला. डोळे पुढच्या वर्षापर्यंत थांबतील का, हे तिने विचारलं नाही.

बारा वाजले. खिएमने कोयता उगारला. "काय रे बांबू, यंदा ढेरी धरणार की नाही?"

"नाही," कुंडीमागून उत्तर आलं.

त्याने पानं बाजूला करून आत बघितलं आणि असं म्हणायचं नसतं म्हणून हळूच बजावलं. मग घसा साफ करून पुन्हा विचारलं.

"नाही धरणार." आवाज मुळीच बारीक नव्हता.

थोआचे शेंगा सोलणारे हात थांबले. रीतीत याची सोयच नव्हती, कारण आजवर कुठल्या झाडाने नकार दिला नव्हता. तोडून टाकीन असा दम भरणं तेवढं उरलं होतं, तो खिएमने भरला.

"तोडा. चौतीस वर्षं एका कुंडीत काढली, आता आणखी काय व्हायचंय?"

"नऊ," खिएम म्हणाला. अशा बाबतीत तो चोख होता. "ही कुंडी नऊ वर्षांची आहे."

"तुमची असेल."

"दादा, झाड वय वाढवून सांगतंय," थोआ कुंपणावरून म्हणाली. "लग्नात कमी करून सांगितलं होतं ना, त्याची भरपाई."

खिएमला घाम फुटला. पण जबानी अर्धवट सोडली तर बागेला बाधते असं त्याचा बाप सांगायचा, तेव्हा मागे फिरायची सोय नव्हती. "मग पाहिजे तरी काय तुला?"

तुएतला भीती वाटत होती आणि तितकंच हलकंही वाटत होतं. "बहिणीकडे जायचंय. पंधरा दिवस."

"बाक्लिएउला?" त्याने बांबूला विचारलं.

"हो."

"आणि इथल्या झाडांना पाणी?"

"तुम्ही आहात की. चहाचा पेला फडताळात आहे."

खिएमने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, परवा पहाटेची गाडी आहे, तिकीट मी आणतो. आता दोन टोले मारले की झालं होतं, पण त्याने ते मारले नाहीत. कोयता खाली ठेवून त्याने कुंपणाकडे बघितलं, तशी थोआ टोपली उचलून आपणहून घरात गेली.

तो कुंडीपुढे उकिडवा बसला. "आणि परत येशील ना?" त्याने अगदी हळू विचारलं.

तुएतला हसू आलं आणि डोळेही भरून आले. किल्ली कुठे, मीठ का कमी, असलं सगळं त्याचं तिला विचारून झालं होतं. हे कधीच नाही. येईन, हे उत्तर जिभेवर तयार होतं. पण ती लगेच बोलली नाही. भर उन्हात तो वाट बघत बसला होता, आणि तिने त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं.