‘सोडलं’ म्हणायला जागा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. तळहाताएवढं, हिरव्या अंगाचं, आता जुनं झालेलं एक नेटवर्क कार्ड. त्याला भ्यायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं काम काय होतं ते ऐका, म्हणजे तुम्हीच म्हणाल की बिचाऱ्याचं बरोबर आहे.

माझा जन्म दूर कुठल्या तरी कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून, टेम्पोत हिंदकळत मी कोथरूडच्या एका कंपनीत आलो. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. एक संगणक, एक मालक. तारेतून जे निरोप येत ते उचलून संगणकाच्या मेमरीत नेऊन ठेवायचे, एवढंच माझं काम. मेमरी म्हणजे एखादी भलीमोठी सोसायटी समजा, खोल्याच खोल्या. मला खोलीचा नंबर मिळायचा आणि मी दार न वाजवता आत सामान टाकून यायचो. मला दिसत काहीच नाही. आत कोण राहतं तेही कळत नाही. पण तेव्हा सगळ्या खोल्या एकाच्याच होत्या, त्यामुळे चुकलो तरी घरातल्या घरात. लोक माझ्या वेगाचं कौतुक करायचे आणि मीही जरा फुशारायचो.

मग मला बिबवेवाडीतल्या एका हॉस्पिटलात बसवलं, आणि माझं सुख संपलं. तिथं एकाच संगणकात दोन बिऱ्हाडं थाटली होती. एक औषधांच्या दुकानाचं आणि दुसरं अतिदक्षता विभागाचं, म्हणजे खाटेवरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके जिथं नोंदले जातात ते. दोघांनाही वाटे, अख्खा संगणक आपलाच आणि कार्डही आपलंच. राबणारा मी मात्र एकटा. कुणाला कुठली खोली द्यायची आणि कुणाची काढून घ्यायची, हे कर्नल ठरवतो. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. त्यानं माझ्याशी काय बोलायचं आणि मी त्याला काय सांगायचं, याची बोली आधीच ठरलेली असते. तिला इंटरफेस म्हणतात. आमची बोली लिहिली होती कोथरूडच्या त्याच कंपनीचे साहेब यज्ञेश्वर सर यांनी, आणि ती सांभाळायचं काम सुहासिनी मॅडमकडे होतं.

रोज दुपारी औषधांचं बिऱ्हाड बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. बंद होताना कर्नल मला म्हणायचा, ‘या खोल्या सोड.’ आणि म्हणता क्षणी त्याच खोल्या दुसऱ्या बिऱ्हाडाला देऊन मोकळा व्हायचा. पण त्याच खोलीकडे निघालेलं सामान माझ्या हातात असलं तर? ‘अहो थांबा, माझं अजून सुटलेलं नाही,’ असं मला सांगायचं असे. बोलीत माझ्यासाठी तेवढा शब्दच नव्हता. मी फक्त ऐकायचं. दुपार झाली की माझी पाचावर धारण बसायची, आणि ते कुणाला कळायची सोय नव्हती.

एका दुपारी व्हायचं तेच झालं. औषधांचा एक निरोप उशिरा आला आणि मी तो सवयीनं जुन्या खोलीत टाकला. खोली आता ठोक्यांची होती.

पुढचं मला कळलं ते कुसुम सिस्टरांकडून. आमचा संगणक ठेवला होता तिथं येऊन त्या मॅडमना सांगत होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर मांजरी गावच्या सोजरबाई होत्या. स्क्रीनवर त्यांचे ठोके एकदम शून्य झाले. सिस्टर आणि डॉक्टर हातातलं काम टाकून धावले, तर बाई उशीला टेकून पेज पीत होत्या.

“काय झालं गं? कोण गेलं?” सोजरबाईंनी विचारलं.

“मशीन म्हणतंय, तुम्हीच गेलात.”

“मग ह्ये पेज कोन पितंय? येडं हाय तुमचं मशीन.”

सगळा वॉर्ड हसला म्हणे. सांगताना सिस्टरही हसत होत्या. यज्ञेश्वर सर पाहणीला आले होते, ते कोरडेपणानं म्हणाले, “माणूस जिवंत निघाला, यावर तक्रार करणारं हे पहिलंच हॉस्पिटल असेल. रिस्टार्ट करा आणि विषय संपवा.”

सुहासिनी मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, आज जिवंत बाईच्या नावावर शून्य पडलं. उद्या जीव जात असलेल्या बाईच्या नावावर नेहमीचे बहात्तर ठोके पडले, तर कोण धावणार?”

मित्रांनो, कुसुम सिस्टर हसणं अर्धवट टाकून वॉर्डकडे निघून गेल्या. इतके दिवस मी ज्याला भ्यायचो, त्याचं नाव आज पहिल्यांदा कुणी तरी घेतलं होतं.

मॅडम तिथंच खुर्ची ओढून बसल्या आणि खोट शोधून काढूनच उठल्या. “कर्नल कार्डाला सोड म्हणतो, पण सोडलं का, हे विचारत नाही,” त्यांनी सरांना दाखवलं. “कार्डानं ‘सोडलं’ म्हणेपर्यंत ती खोली बंद ठेवायची. कुणालाही द्यायची नाही.”

“म्हणजे सगळं हळू होणार. सोड म्हटल्यावर कार्ड सोडतंच की हो. इतकी वर्षं चाललंय.”

“सर, तुमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधला भाडेकरू फोनवर ‘गेलो’ म्हणाला, की किल्ली हातात न घेताच नवा भाडेकरू आत घालता का?”

यज्ञेश्वर सर म्हणाले, “माझी बोली मलाच समजावताय. ठीक आहे. पण कार्डानं उत्तरच दिलं नाही तर? त्याच्यापायी हॉस्पिटलनं ताटकळत बसायचं?”

“नाही. थोडा वेळ वाट पाहायची. नाहीच आलं उत्तर, तर कार्डाचा संबंध तोडायचा आणि जोडीच्या राखीव कार्डावर काम न्यायचं.”

मला बोलायला शब्द मिळाला होता, आणि तो ज्या दिवशी उच्चारता येणार नाही त्या दिवशी माझा शेवट, हेही त्याच दमात ठरलं होतं.

तरी सांगतो, नव्या बोलीची पहिली दुपार मी विसरणार नाही. कर्नल म्हणाला, ‘सोड.’ मी हातातलं सामान संपवलं, नीट चाचपून पाहिलं आणि म्हणालो, ‘सोडलं.’ मगच खोली पुढं गेली. त्यानंतरची वर्षं मी जरा मोकळा श्वास घेतला. कुणी माझं कौतुक केलं नाही, माझ्यावर धूळ साचली, संगणकाचा पंखा घरघरू लागला. त्याचं मला काही वाटलं नाही.

पण वयानं गाठलंच. उन्हाळ्यात अंग भाजायचं, आणि एका दुपारी एका खोलीचा नंबर माझ्यात रुतून बसला. कर्नल म्हणाला, ‘सोड.’ मी जंग जंग पछाडलं. सुटेना. हातात सामान होतं. खोली ठोक्यांकडे जायची होती. त्या खाटेवर कोण होतं, मला ठाऊक नाही.

‘सोडलं’ म्हणणं सोपं होतं, मित्रांनो. तेवढं म्हणालो असतो तर मी आजही तिथं असतो. कर्नल वाट पाहत होता आणि मी भीतीनं गारठलो होतो. मी काहीच बोललो नाही. मग वेळ संपली, काम राखीव कार्डावर गेलं आणि माझी तार मेली.

वर कुणाच्या स्क्रीनवर काही चुकीचं उमटलं नाही. कुणी धावलं नाही की हसलं नाही. आता मी सुहासिनी मॅडमच्या खणात, गुंडाळलेल्या वायरींमध्ये पडून आहे.

तुम्ही मोठे व्हाल, यंत्रं बनवाल, माणसांकडून कामं करून घ्याल. एवढंच मागतो, ज्याला काम सांगाल त्याला ‘अजून झालं नाही, माझ्यानं होत नाही’ असं म्हणायला जागा ठेवा. ती ठेवली नाहीत, तर ते भीतीनं ‘झालं, झालं’ म्हणत राहील, आणि तुम्ही निर्धास्त झोपाल.