फियाटचा तांबडा दिवा

देवजीने किल्ली घेतली ती कान्हाच्या हातासकट ओढल्यासारखी.

"आजपासून या गाडीला तुजा हात लागायचा नाय," तो म्हणाला, आणि पावणे गावच्या त्या बोळात ज्यांच्या घरी चहा उकळत होता त्यांनी तो खाली उतरवला. शेजारचं भांडण नीट ऐकायचं तर हात मोकळे लागतात.

पुतळाबाई ओट्यावर सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. दोघेही तिचेच. थोरला देवजी तळोज्याच्या एका कारखान्यात मशीनवर, धाकटा कान्हा ही फियाट भाड्याने फिरवणारा. शेत कारखान्यांच्या पोटात गेलं, मिठागर गेलं, होडी विकली, आणि त्या सगळ्याच्या जागी ही पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली. मालक दोघे, चालवणारा एक आणि संशय घेणारा दुसरा.

झालं होतं इतकंच, की काचेखालचा तेलाचा तांबडा दिवा विझत नव्हता. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की जातो, एवढं पुतळाबाईलाही ठाऊक होतं. आज मात्र इंजिन धडधडत असतानाही तो डोळा वटारून बसला होता.

"तेलाचा दाब गेला," देवजी म्हणाला. "कोरडी पलवलीस तू. आत बेरिंगा घासून गेल्या असतील."

"कांडी काढून बग ना! तेल हाय का नाय ते दिसंल."

देवजीने तेल बघायची कांडी ओढून काढली, फडक्याला पुसली, परत घालून काढली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं. कुणाला वाटेल, आता तरी हा गप्प बसेल.

"आज सकाली ओतलं असशील. माज्या डोल्यात धूल."

"अरे, बेरिंग गेली तर आवाज येल, टकटक येल! कान हायेत का बटनं?"

"मना शिकवू नको! दिवसभर मशीनवरच असतो मी. आनि ऐक, इंजन गेलं असलं ना, तर आजपासनं चूल वेगली. तू नि तुजी बायको तिकडं, आमी इकडं. आय माज्याकडं."

वाटणीत आपला नंबर गाडीच्या मागून लागला हे पुतळाबाईच्या ध्यानात आलं. तिने लसणाचं सूप बाजूला सारलं आणि पदर खोचला.

दाब नसेल तर इंजिन चालवायचं नाही, यावर मात्र भावांचं एकमत होतं. म्हणून गाडी ढकलत मधुकर मिस्त्रीच्या गॅरेजवर न्यायची ठरली. ढकलायला दोघे तयार. स्टिअरिंग कुणी धरायचं? कान्हाला देवजी हात लावू देईना, आणि देवजी बसला तर कान्हा ढकलीना.

"मी बसते," पुतळाबाई म्हणाली.

नवऱ्याच्या होडीचं सुकाणू तिने कितीतरी वेळा धरलं होतं. पण सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे वळते. पहिल्याच वळणाला फियाट थेट गटाराकडे निघाली.

"आये, उलटं!" दोघेही एकदम ओरडले. सकाळपासून दोघांच्या तोंडून एकाच वेळी सारखा शब्द निघाला तो हा पहिलाच.

"कललं, कललं. बोंबलू नका."

बाकी वाटभर भांडत ते आधी एकमेकांच्या बायकांपर्यंत पोचले, मग मित्रांपर्यंत, मग लहानपणीच्या एका पतंगापर्यंत. पुतळाबाई समोर बघत राहिली. पतंग खरं तर तिनेच चुलीत घातला होता, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मधुकर मिस्त्री तोंडात पान घेऊन बाहेर आला. "भांडण रस्त्यावर ठेवा, गाडी आत घ्या," तो म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं. "दिवा दाब मोजत नाही. इंजिनाच्या अंगाला एक बटण असतं. दाब आला की ते दिव्याची वीज तोडतं. आता दाब खोटा की बटण खोटं, ते बघू."

त्याने बटण खोलून त्या भोकात घड्याळासारखा काट्याचा मीटर बसवला आणि इंजिन सुरू केलं. तिघांच्या नजरा त्या काट्यावर. काटा सरसर चढला आणि ठाम उभा राहिला.

"दाब झकास. इंजिनाला काही झालेलं नाही."

कान्हा हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. "ऐकलंस? मशीनवाल्या!"

पण मधुकर अजून काढलेल्या बटणाकडे बघत होता. त्यावर पांढरी खरबरीत पापडी धरली होती, आत गंज चढला होता. त्याने पापडीला बोट लावलं, बोट जिभेला लावलं, आणि पानासकट थुंकला. "मीठ! आतून गंजून चिकटलंय हे. गाडी समुद्रात घातली होती काय रे?"

देवजीचं तोंड उजळलं. "बोल आता! उरनला गेला असशील ना दोस्तांना घेऊन? पान्यात घातली असशील!"

"नाय गेलो मी!"

"मग मीठ काय आभालातनं पडलं?"

कान्हाने जवळचा पाना उचलला. "मार ना," देवजी छाती पुढे करून म्हणाला, "मार."

पुतळाबाई अजून गाडीतच बसलेली. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, खाऱ्याने टिकतं, हे तिचा नवरा सांगायचा. होडी नेहमी खाडीच्या पाण्याने धुवायची, आणि आधी तिचं पोट धुवायचं. पुनवेला भरती घरामागच्या बांधापर्यंत येते. कान्हा जेवून आडवा झाला की ती बॉनेट उघडून गाडीच्या पोटात खाडीच्या पाण्याचे दोन हंडे ओतायची. मग बाहेरून पुसायची, चाकांना हळदकुंकू लावायची. गप्प बसलं तर कान्हा घराबाहेर. बोललं तर थोरला काय करील, देव जाणे.

"मी घातलं," ती म्हणाली. "खाडीचं पानी. दर पुनवेला."

कान्हाने पाना खाली ठेवला.

"आये," देवजी कसाबसा म्हणाला, "ती होडी नाय गं."

"नसंल. तुमी दोघं तिचे मालक. तिचं अंग कोनी धुतलं कधी? सांग ना!"

मधुकरने नवं बटण बसवलं आणि किल्ली फिरवली. तांबडा दिवा लागला, इंजिन गुरगुरलं, दिवा विझला. देवजीने किल्ली कान्हाकडे काही दिली नाही. आईच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी निघाला. पुतळाबाईने ती कान्हाला दिली.

मिस्त्रीचे पैसे चुकते करून ती दोघं गाडीने दारात पोचली तर देवजी आडवाटेने आधीच येऊन नळावर उभा होता, बादली भरत. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, म्हणून सगळ्या हसत होत्या. बादली आणून त्याने बॉनेट वर केलं.

"बादली उपडी करू नको," कान्हा म्हणाला. "ओल्या फडक्यानं पूस. वायरी हायेत आत."

"मना शिकवू नको," देवजी म्हणाला, आणि फडकं शोधायला लागला.

पुतळाबाईने लसणाचं सूप पुढे ओढलं. एकाच चुलीचा लसूण, बराच सोलायचा राहिला होता.